नवी फ्रिक्वेन्सी, घटस्थापनेचा मुहूर्त आणि मिस्किटा

मिस्किटा, नोकरीभर तुला 'अहो मिस्किटा' म्हटलं. आता तुला मातीत ठेवून आठवडा झाला, तेव्हा आजपासून 'अरे'. काय करणार आहेस? मेमो काढणार?

काल तुझी शोकसभा झाली, भायखळ्याला, आपल्या कंट्रोल रूमच्या खालच्या हॉलमध्ये. सकाळी तुझ्या लेकीने चर्चमध्ये मिस्सा ठेवली होती, ती बरी झाली. फादर थोडकं बोलले, कोणी रडलं, कोणी बसल्या जागी पेंगलं, माणसांनी वागावं तशी माणसं वागली. दुपारी खात्याने जे केलं त्याला मात्र तोड नाही. फ्लेक्स लावला होता. त्यावर तू, तुझ्या मागे मनोरा, मनोऱ्यातून निघालेल्या निळ्या रेघा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ध्वनिलहरींचा शिल्पकार'. ज्या माणसाला स्वतःच्या डब्याचं झाकण उघडायला शिपाई लागायचा तो शिल्पकार! आणि ध्वनिलहरी कसल्या, रेडिओलहरी. तू जिवंत असतास तर त्या फ्लेक्सवाल्याला समोर बसवून फरक समजावला असतास, आणि तो बिचारा धंदा सोडून गावी भातशेती करायला गेला असता.

भाषणं झाली. एक साहेब म्हणाले, मिस्किटांनी एकहाती अख्ख्या खात्याची फ्रिक्वेन्सी बदलली, काम पूर्ण करूनच ते निवृत्त झाले, आणि त्या दिवशी एकही हाक वाया गेली नाही. तीन वाक्यं, तिन्ही खोटी. हे साहेब तेव्हा शाळेत असतील. मी शेवटच्या रांगेत बसून खोकले. माझा विजू शेजारी होता. तोही आता अधिकारी झालाय, खांद्यावर पट्ट्या मिरवतो. त्याने कोपराने ढोसलं, "आये, गप."

गप बसलेही असते. पण मग एक तरुण अधिकारी हातात वायरलेसचा सेट घेऊन उभा राहिला. मोबाइलवर कुठल्या परदेशातलं बघितलंन म्हणे, गेलेल्या माणसाला सेटवरून शेवटची हाक मारतात. सगळ्यांना उभं केलं. "वर्कशॉप वन, वर्कशॉप वन, कंट्रोल कॉलिंग." वर्कशॉप वन म्हणजे तू. शांतता. पुन्हा तेच, पुन्हा शांतता. एका बाईने पदर डोळ्याला लावला. तिसऱ्यांदा हाक मारली आणि मी मागून खणखणीत आवाजात म्हटलं, "हजर!"

आपली जुनी रिटायर झालेली मंडळी एवढी हसली की एकजण खुर्चीसकट मागे गेला. तो तरुण माझ्याजवळ आला, चेहरा पडलेला. "आजी, हा गंभीर प्रसंग आहे."

"बाळा," मी म्हटलं, "दुसऱ्याची हजेरी गंभीर प्रसंगातच लावायची असते."

त्याला कळलं नाही. तुलाही कळायला वेळच लागला होता. पण हे छापून येईल तेव्हा वाचणारे परके असतील, म्हणून आधी त्यांना सांगते.

तू वर्कशॉपचा इंजिनिअर, म्हणजे वायरलेस सेट लावणारा, दुरुस्त करणारा. मी वरच्या मजल्यावर कंट्रोलची मुख्य ऑपरेटर, म्हणजे त्या सेटवर बोलणारी. आगीचे बंब, रुग्णवाहिका, पाण्यात पडलेल्यांना काढणारी पथकं, सगळ्यांशी बोलणं एकाच खोलीतून चालायचं. दर पाळीच्या सुरुवातीला मी एकेका गाडीचं नाव घ्यायचे आणि गाडीने 'हजर' म्हणायचं. आता गाडी चोवीस तास उभी, तिच्यावरचा माणूस चहाला जाणार, लघवीला जाणार, गणपतीत लालबागला तैनात असला तर जाताजाता पाया पडून येणार. तेवढ्यात हजेरी आली तर शेजारच्या गाडीवाला त्याच्या वतीने 'हजर' म्हणायचा. जुनी रीत. मला सगळे आवाज पाठ, मला कळायचं. मी कधी हटकलं नाही, कारण हाक मारली की ती माणसं चहा टाकून धावायची. हे फक्त कंट्रोलच्या आणि गाड्यांवरच्या माणसांना माहीत. तुझ्यासारख्या कडक इस्त्रीतल्यांना नाही.

मी तेव्हा कोण होते, तेही सांगून टाकते. पन्नाशी उलटलेली, घोडपदेवच्या चाळीत राहणारी, आणि स्वतःला आवाजाची महाराणी समजणारी एक बावळट बाई. रोज ज्येष्ठमध चघळत ड्यूटीवर यायचे. चाळीत कोणाचं लग्न ठरलं की सूत्रसंचालन माझं. दुधवाल्याला "अर्धा लिटर" सांगतानाही जणू मुंबईला पूर आल्याची घोषणा करतेय असा सूर. त्यामुळे नवी फ्रिक्वेन्सी येणार म्हटल्यावर मला पहिली काळजी काय पडली असेल? माझा आवाज नव्या फ्रिक्वेन्सीवर पातळ तर नाही ना येणार! हे मी तुला विचारलं, खरंच विचारलं, सगळ्यांसमोर.

तू चष्मा पुसलास. "बाई, फ्रिक्वेन्सी म्हणजे हवेतला रस्ता. रस्ता बदलला म्हणून बैलाचा रेडा होत नाही."

"बैलांचं तुम्हांला जास्त ठाऊक," मी म्हटलं.

बदल हवा होता, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं होतं. जुन्या रस्त्यावर घुसखोरी फार झाली होती. रे रोडला आग लागलेली, बंबवाला शिडी मागतोय, आणि मधेच कुठल्या तरी बांधकामावरचा मुकादम सेटवर ओरडतोय, "सिमेंट का नाही आलं बे अजून?" एकदा मी त्याला आपल्या शुद्ध भाषेत समज दिली. तो म्हणाला, "मावशी, सिमेंट आहे काय तुमच्याकडे?"

तेव्हा बदला, माझी ना नव्हती. आपलं भांडण वेगळंच होतं. सगळ्या गाड्यांचे सेट नव्या फ्रिक्वेन्सीवर नेल्यावर जुना चॅनल लगेच बंद करायचा की त्यावर काही दिवस कोणीतरी कान लावून बसायचं? तू म्हणायचास, लगेच बंद. आणि दाखला कसला दिलास तर माझ्याच चाळीचा, मीच कधीतरी हसत सांगितलेला. "तुमच्याकडे नवे संडास बांधले, तरी लोक जुन्यापुढेच रांग लावून उभे. जुन्याला कुलूप ठोकलं तेव्हा गेले की नाही नव्याकडे?"

"आणि ज्याला कुलपाचं ठाऊक नाही तो?"

"त्याला आधी सांगायचं."

"सांगायला विसरलात तर?"

"मी विसरत नाही," तू म्हणालास. काय तो रुबाब! केसाला तेल, बुटाला पॉलिश, आणि डोक्यात 'मी विसरत नाही'. असल्या माणसांना मी चांगली ओळखते, रोज सकाळी आरशात एक भेटायची.

पुढे खात्याने जे केलं त्याची थट्टा करायलासुद्धा मला लाज वाटते, पण करते. सेट तयार, तुझी माणसं तयार, आणि मोठे साहेब म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, नवी फ्रिक्वेन्सी आत्ता सुरू करायची नाही. मेलेल्यांच्या पंधरवड्यात आग लागत नाही वाटतं. मग घटस्थापनेचा मुहूर्त काढला. सकाळी सेटना हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर पेढे, पाहुणे रांगेने खुर्च्यांवर. नारळ तुझ्या हातात दिला, कारण प्रमुख तू. तू साहेबांना म्हणालास, "इथं फोडला तर पाणी सेटमध्ये जाईल." मग नारळ बाथरूमच्या उंबऱ्यावर फुटला. मिस्सा न चुकवणारा मिस्किटा संडासाच्या दारात नारळ फोडतोय, हे बघायला मी त्या दिवशी रजा असती तरी आले असते.

नव्या चॅनलवर पहिली हजेरी मी घेतली. एकेक नाव, एकेक 'हजर'. टाळ्या तयारच होत्या. माझा विजू तेव्हा बंबावर होता, त्याच्या गाडीचं नाव घेतलं. "हजर." आणि माझा हात सेटवरच थांबला. आवाज विजूचा नव्हता, त्याच्या गाडीवरच्या कोणाचाच नव्हता. शेजारच्या गाडीवाल्याचा होता. त्याला वाटलं असणार, हे चहाला गेलेत.

मी तुझ्याजवळ आले, हळू म्हटलं, "ही हजेरी खोटी आहे. परत घेऊ. तोवर जुना बंद करू नका."

"पुरावा?"

"आवाज."

"कोणाचा?"

"माझ्या मुलाचा नव्हता."

साहेब घड्याळ बघत होते. "मुहूर्त टळतोय, मिस्किटा."

मला खरं कारण बोलता येईना. एकमेकांची हजेरी लावतात असं पाहुण्यांपुढे म्हटलं असतं तर सगळ्या गाड्यांवरच्या माणसांना संध्याकाळपर्यंत मेमो. तू माझ्याकडे बघितलंस आणि जे बोललास ते मी आजतागायत जपून ठेवलंय, ठसठसणाऱ्या दाढेसारखं. "बाई, तुम्ही आई म्हणून ऐकताय. ऑपरेटर म्हणून ऐका." आणि बटण दाबून जुना चॅनल बंद केलास. टाळ्या. पेढे.

मी जागेवर गेले. कंट्रोलवर मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा असा नियम, तो नियमही मीच लिहून भिंतीला चिकटवलेला. मी ड्रॉवर उघडला, मोबाइल काढला आणि मांडीवर ठेवला.

झालं होतं असं, की विजूची गाडी आठवडाभर गॅरेजात होती. त्या आठवड्यात तुझ्या माणसांनी बाकीच्यांचे सेट बदलले. गाडी त्याच सकाळी परत आली, जुनाच सेट घेऊन. कोणी विसरलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केलं असेल. आणि तेवढ्यात रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीतून थेट त्यांच्या फायर स्टेशनवर फोन आला आणि विजूची गाडी तशीच निघाली.

पाहुणे अजून पेढे खात होते, तेव्हा माझी मांडी थरथरली.

"आये, खंय मेल्यात सगळी? कवाधरना बोंबलतंय हंय, कोण बोलूक तयार नाय! पाणी सोपत इला, आग मागल्या गोदामात शिरताहा. दोन गाडये धाड आणि टँकर!"

घरात आम्ही मालवणीच बोलतो, पण विजू कामावर कधी बोलला नव्हता. त्यावरून मी ओळखलं, की आता तो घाबरलाय. एकीकडे कानाला पोराचा आवाज, मागे लाकूड तडतडतंय, आणि दुसऱ्या हाताने मी सेट उचलला आणि माझ्या त्या महाराणीच्या आवाजात नव्या चॅनलवर दोन गाड्या आणि टँकर रे रोडला सोडला. आवाज अजिबात पातळ आला नाही, हेही माझ्या लक्षात आलं. तेव्हा! पोरगं आगीत उभं आणि आईला आपल्या आवाजाचं कौतुक. सांगते ना, बावळट.

साहेबांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "संदेश कुठून आला?"

"वायरलेसवरून, साहेब," मी म्हटलं. मोबाइललाही वायर नसते.

तू माझ्या मांडीकडे बघितलंस. सगळं कळलं तुला, मोबाइलपासून हजेरीपर्यंत. तुझा चेहरा असा झाला जणू पेढ्यात खडा लागला. मला वाटलं, आता हा म्हणणार, मोबाइल बाहेर कसा? बाई, नियम! पण तू उठलास, माळ बाजूला सारलीस आणि जुना चॅनल परत चालू केलास.

"मिस्किटा, हे काय?" साहेब म्हणाले. "पाहुणे बसलेत."

"बसू देत."

"अहो, मुहूर्तावर बंद केला ना आपण?"

"मुहूर्तावर परत चालू केला." मग माझ्याकडे वळलास. "बाई, हजेरी परत. यावेळी तुम्हांला हवी तशी."

मी प्रत्येक गाडीला नाव घेऊन विचारलं, समोर काय दिसतंय ते सांग. खोलीभर पाहुणे आणि सेटमधून एकेक उत्तर. "समोर भाजीवाली, कोथिंबीर महाग सांगतेय." "समोर भिंत, भिंतीला लागून आमचे साहेब, बिडी ओढतायत." "समोर काही नाही, बाई, मी गाडीखाली आहे." पाहुण्यांत कोणी हसलं, मोठे साहेब लाल. एक रुग्णवाहिका नव्यावर बोललीच नाही, तिला जुन्यावर गाठली. तीही तशीच राहिली होती, सकाळी तिच्या वतीनेही कोणीतरी 'हजर' म्हटलं होतं आणि ते माझ्याही कानातून निसटलं होतं. तुझ्या 'मी विसरत नाही'चं दिवाळं अख्ख्या खात्याने ऐकलं. आणि तू कोपऱ्यात उभा राहून मला एकेक नाव पुढे करत होतास.

शेवटी जुन्या चॅनलवर एक आवाज आला, घोगरा, धुराने भरलेला. "समोर आग. आटोक्यात हा."

मी तुझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. बघितलं असतं तर तुला वाटलं असतं मी रडतेय.

विजू भुवया जाळून घरी आला. बाकी अंग शाबूत. त्याच्या बायकोने त्याला महिनाभर काजळाने भुवया काढून दिल्या.

त्यानंतर तू मोबाइलबद्दल कधी विचारलं नाहीस, हजेरीच्या रितीबद्दल वर कळवलं नाहीस. स्मृतिलेखात लोक लिहितात, आभार मानायचे राहून गेले. माझे राहून गेले नाहीत, मला मानायचेच नव्हते. आधी तू त्या 'आई म्हणून ऐकताय'ची माफी माग, मग बघू, असं आपलं चाललं. तू मागितली नाहीस. हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या, तरी म्हणालास, "ऑपरेटर म्हणून ऐकलं असतंत तरी तेच ऐकू आलं असतं, एवढंच माझं म्हणणं होतं." खोटारडा. पडल्या पडल्या वाक्य बदलत होतास.

पण लोकांना एक ठाऊक नाही. त्या दिवशी साहेब गेल्यावर तू म्हणालास, "जुना चॅनल तुम्ही सांगाल तेव्हा बंद करीन." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, डबे झाल्यावर, जिना चढून वर आलास. "काय बाई, आज?"

"नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी परत. मग रोजच. सुरुवातीला माझ्याकडे कारण होतं. अजून एखादी विसरलेली गाडी निघेल, दुरुस्तीतून जुना सेट येईल. पुढे पुढे जुन्या सेटवर फक्त खरखर आणि कधीतरी तो सिमेंटवाला मुकादम. तरी तू यायचास, चष्मा पुसत. "काय बाई, आज?" "नाही." मग तू टेबलाला टेकून उभा राहायचास आणि आपण एकमेकांच्या डब्यांना नावं ठेवायचो. तुझ्या घरच्या, बाटल्यांत भरून ठेवलेल्या 'बाटली मसाल्या'चा वास म्हणजे रंगाच्या कारखान्याला आग, असं मी म्हणायचे. माझी कुळथाची पिठी म्हणजे भिंत सारवायचं सामान, असं तू. सासूबाई ऐकत्या तर तुझी काही खैर नव्हती. मी तेव्हा विधवा, तू विधुर, आणि दोघांना साठीच्या तोंडावर दुसरं काही सुचत नव्हतं, मसाल्यावर भांडण्याशिवाय.

तू हुकूम काढू शकत होतास, काढला नाहीस. जुना चॅनल चालू म्हणून काम अपुरं, काम अपुरं म्हणून पूर्णत्वाचा दाखला नाही. वरून पत्रं येत होती, साहेब बोलावून झापत होते. ते मला नंतर तुझ्या शिपायाकडून कळलं. निरोपसमारंभात तुला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, दाखला मिळाला नाही. आणि काल म्हणे, काम पूर्ण करूनच निवृत्त झाले! दगडांनो, त्याने काम अर्धवट सोडलं म्हणून तर तो माणूस होता.

त्या शेवटच्या दिवशीही तू आलास. खांद्यावर शाल तशीच, हातात नारळ.

"काय बाई, आज?"

"नाही."

"बरं," म्हणालास, आणि जिना उतरून गेलास.

दुसऱ्या दिवशी मी डबा खाल्ला, हात धुतले, जुन्या सेटपुढे बसले. दाराकडे बघितलं. मग तुझ्या जागी आलेल्या पोराला खाली फोन लावला आणि सांगितलं, जुना चॅनल बंद कर.

तो दचकलाच. एवढे महिने अडून बसलेली बाई आज आपणहून सांगतेय. "मॅडम, काही झालं का?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "आता कोणी येत नाही."